हात लावून ओळखायचं

पद्मजाताईंचा नियम एकच होता. दवाखान्यात जायचं, माणसाजवळ बसायचं, आणि काय झालं, कसं झालं, हे विचारायचं नाही.

"ज्याला सांगायचंय तो सांगेल," त्या म्हणायच्या. "आपण पोलीस नाही, नातेवाईक नाही, पेपरवालेही नाही. आपण नुसतं बसायचं."

दिल्लीतल्या त्यांच्या मराठी मंडळातल्या बायकांना हे पटायचं, पण जमायचं नाही. मराठी माणूस आजाऱ्याच्या उशाशी गेला की दोन प्रश्न त्याच्या तोंडून निघतातच: कसं झालं हो, आणि मग तुम्ही तिथे गेलातच कशाला? अरुणाचं उलटं होतं. तिला न विचारणं सहज जमायचं. बसणंच जमायचं नाही. पहाडगंजच्या मराठी शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं, तेही बाकांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत. वर्गात तिच्यासाठी खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर बसायची ती तिची शाल.

निवृत्त झाल्यावर ती द्वारकेत राहायला आली. आज द्वारका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मेट्रो येते, मॉल येतात. तेव्हा तिथे धूळ होती, सुरक्षारक्षकापेक्षा कुत्री जास्त होती आणि सोसायटीतल्या निम्म्या घरांना नुसती कुलपं होती. जुने लोक अजून पप्पनकलांच म्हणत. पाणी टँकरने यायचं. रिक्षावाला द्वारकेचं नाव ऐकून तोंड फिरवायचा. अरुणाच्या यजमानांनी, अविनाशरावांनी, सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य काढून ह्या घरासाठी नंबर लावला, आणि ताबा मिळायच्या आधीच ते गेले. मुलगी हेमांगी न्यू जर्सीला. दुसऱ्या खोलीतल्या पलंगावरचं प्लास्टिक अरुणाने अजून काढलेलं नव्हतं.

त्या नोव्हेंबरात पद्मजाताईंचा फोन आला. "पुण्याचा मुलगा आहे, नोएडात नोकरीला. मारहाण झालीय. इथे कुणी नाही त्याचं. उद्या तुझी पाळी."

यशोधन मोडक सव्वीस वर्षांचा होता. डोक्याला टाके, डावा हात प्लास्टरमध्ये, दोन बरगड्या मोडलेल्या. एक डोळा सुजून मिटलेला होता. दुसऱ्याने तो दाराकडे बघत असायचा. अरुणाने आल्याआल्या चादर सारखी केली, पाण्याची बाटली उजव्या हाताशी आणून ठेवली, शेजारच्या म्हाताऱ्याची उशी उचलून दिली, खिडकीची काच पुसली, मग परत चादर सारखी केली.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही बसलात तर मला झोप येईल."

ती खजील होऊन बसली. थोड्या वेळाने परत उठली.

काय झालं ते तिने विचारलं नाहीच. हवालदार जबाब लिहून घ्यायला आला तेव्हा तिथेच होती म्हणून कळलं. दोन हजार साल उजाडताना सगळे संगणक बंद पडतील अशी हाकाटी चालली होती ती वर्षं. ही पोरं उशिरापर्यंत ऑफिसात बसून ते दुरुस्त करत. त्या संध्याकाळी यशोधनची चार्टर्ड बस चुकली. एक पांढरी मारुती व्हॅन थांबली, 'आश्रम, लाजपतनगर' असं ओरडत. आत तिघे आधीच बसलेले. तोही बसला. ते तिघे प्रवासी नव्हते. घड्याळ, पाकीट, पेजर सगळं त्याने मुकाट्याने काढून दिलं, तरी मागे बसलेल्याने लोखंडी रॉडने मारलं. मग नाल्याच्या कडेला ढकलून दिलं. एका ट्रकवाल्याने पाहिलं म्हणून वाचला.

अरुणाला अविनाशराव आठवले. साठ-पासष्ट सालच्या सुमाराला ते कुणाच्याही स्कूटरवर मागे बसून घरी यायचे आणि त्या अनोळखी माणसाला चहाला वर घेऊन यायचे. त्याच शहरातली ही गोष्ट आहे हे तिच्या मनाला पटेना.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. त्याची खोली नोएडात, तिसऱ्या मजल्यावर, बरोबरची पोरं दिवसभर ऑफिसात. वडिलांचं बायपास उन्हाळ्यातच झालेलं, म्हणून घरी त्याने बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलं होतं. पद्मजाताई काही बोलायच्या आत अरुणा म्हणाली, "माझ्याकडे नेते."

पलंगावरचं प्लास्टिक निघालं. अरुणाच्या हातांना काम मिळालं. सकाळी शिरा, दुपारी मऊ भात-वरण, संध्याकाळी मुगाचं कढण. रोज ऊन बघून खुर्ची सरकवायची, ऊन गेलं की शाल पांघरायची. पुण्याहून त्याच्या आईचा फोन आला की तीच उचलायची. "बरा आहे हो. झोपलाय. फरशी ओली होती ना, घसरला." इतकं सराईतपणे सांगायची की एकदा पद्मजाताई ऐकून म्हणाल्या, "त्याच्या कानाला रुमाल बांधायचा राहिलाय फक्त. बाळंतिणीसारखं करतेयस."

"करू दे की. दुसऱ्या कुणाचं करू?"

"तेच म्हणतेय मी."

अंगावरच्या जखमा भरत होत्या. दुसरंच काहीतरी भरत नव्हतं. यशोधन बाल्कनीत बसायचा नाही, कारण खालून पांढऱ्या गाड्या जायच्या. आणि कुणाचा हात लागलेला त्याला सोसायचा नाही. एकदा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा देताना त्याच्या दंडाला ओझरता लागला, तर हा उभा मुलगा कपड्यांसकट खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून. इस्त्रीवाला बिचारा घाबरून "मैंने क्या किया जी, मैंने क्या किया" म्हणत राहिला. न्हावी घरी बोलावला, त्यालाही परत पाठवावं लागलं. टाक्यांभोवतीचे केस अरुणानेच कापले. ती आता सवयीने आधी सांगायची, "हात लावते हं." मग तो डोळे मिटायचा, मान ताठ करायचा, आणि ती हात लावायची.

रामफल हवालदार पहिल्यांदा घरी आला तेव्हा यशोधन दुपारचा आत झोपला होता. रामफल हरियाणाकडचा, पुढाऱ्यासारखी मिशी, आवाज खणखणीत.

"माताजी, पकड़ा गया एक. किसी और केस में. छोरे को शिनाख्त के लिए तिहाड़ ले जाणा है."

"धीरे बोलिए, सो रहा है," अरुणा म्हणाली. "करना क्या पड़ता है?"

"कुछ नहीं जी. नौ-दस आदमी लैन में खड़े होंगे. मजिस्ट्रेट साब सामणे. जो पहचान में आवे, उसपै हाथ रख देणा."

"हाथ?"

"हाँ जी. कंधे पै हाथ रख के बताणा है, यो है."

"उंगली से दिखा दे तो नहीं चलेगा?"

रामफल हसला. "माताजी, उंगली तो हवा में रह ज्या. हाथ रखे से पक्का."

अरुणाच्या डोळ्यांपुढे कपड्यांचा गठ्ठा आणि गुडघ्यात घातलेलं डोकं आलं. तिने रामफलला चहा दिला, बशीभर चिवडा दिला. आजारी माणसाला उठवायचं नाही हे तिच्या आईकडून आलेलं शास्त्र. दारात कोण का उभं असेना, जावई असो की मामलेदार, आजारी झोपला असेल तर "चार दिवसांनी या" म्हणायचं. तेच ती म्हणाली. रामफलला चिवडा आवडला. तो गेला.

दुसऱ्यांदा आला तेव्हाही दुपारच होती. अरुणाने दार अर्धंच उघडलं. "डॉक्टर ने आराम बोला है."

"माताजी, तारीख बार-बार ना मिले. एक और मिलेगी, बस. फेर उसकी बेल हो ज्यागी."

"लड़का ठीक तो होने दो पहले."

तो जरा रेंगाळला, बहुधा चिवड्यासाठी, आणि गेला. अरुणाने यशोधनला दोन्ही वेळा काही सांगितलं नाही. पोलिसांचं नाव निघालं की त्याचं जेवण थांबायचं, आणि तो नुकता कुठे दोन पोळ्यांवर आला होता. पण त्या दिवसापासून ती एका जागी ठरेना. गॅस बंद केला की नाही म्हणून ती जिन्यातून परत यायची. कुलूप ओढून बघायची, मग परत ओढून बघायची. भाजी आणायला गेली तर रस्त्यातल्या प्रत्येक व्हॅनचा रंग बघायची. आपण काही चुकीचं केलेलं नाही असं ती स्वतःला सांगायची. चूक नसेल तर हे सारखं सांगावं का लागतंय, ते मात्र तिला उमगत नव्हतं.

त्या आठवड्यात पद्मजाताई मेथीच्या जुड्या घेऊन आल्या. दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, तेवढ्यात रामफलची मोटरसायकल खाली वाजली. अरुणा इतक्या घाईने उठली की ताट कलंडलं.

"कोण आहे गं?"

"कुणी नाही. मी बघते."

पण रामफलचा आवाज दाराबाहेर मावणारा नव्हता. "माताजी, कल आखरी है. तीसरी बार साब कोनी मानेगा. छोरे नै मना करणा है तो वो खुद बोल दे."

तो गेल्यावर पद्मजाताईंनी मेथीची काडी खाली ठेवली. "तिसरी बार? आधी दोनदा आला होता?"

"हो."

"आणि काय सांगितलंस?"

"झोपलाय म्हणून."

"तू त्याच्या वतीने नाही म्हणालीस?"

"अहो ताई, हात लावायला लागतो!" अरुणाचा आवाज चढला. "त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला लागतो. हा पोरगा माझा हातसुद्धा विचारल्याशिवाय लावून घेत नाही. तुम्ही बघितलंय कुठे त्याला? तुम्ही येता, मेथी टाकता, जाता."

"मी विचारायचं नाही असं शिकवलं, ते काय झालं एवढंच विचारायचं नाही म्हणून. काय हवंय ते विचारायचं असतं. तो सुटला आणि उद्या परत व्हॅनमध्ये बसला, मग?"

"मग काय, सगळ्या दिल्लीचा भार ह्याच्याच बरगड्यांवर?"

"ते त्यानं ठरवायचं. तू नाही, मी नाही."

"मी जागा होतो."

दोघींनी वळून पाहिलं. यशोधन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, प्लास्टरचा हात पोटाशी धरून.

"दोन्ही वेळा जागाच होतो, काकू. त्या हवालदाराच्या आवाजात कोण झोपणार?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "तुम्ही दार उघडायला गेलात की मी डोळे मिटायचो. तुम्ही झोपलाय म्हणालात की मनात म्हणायचो, बरं झालं. मग तुम्ही चहा घेऊन आलात की तुमचाच राग यायचा. मला विचारलं का नाही म्हणून."

अरुणा खाली वाकून सांडलेली मेथी गोळा करू लागली.

"राहू दे ती मेथी," पद्मजाताई म्हणाल्या.

तिने एकेक पान उचललंच. मग खाली बघत म्हणाली, "जायचंय तुला?"

"नाही," तो म्हणाला. "पण जाणारेय, यार." आणि 'यार' म्हणालो हे लक्षात येऊन तो ओशाळला. "सॉरी, काकू."

सकाळी अरुणा अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये लिंबाचं सरबत, खडीसाखर आणि जास्तीचा स्वेटर भरून तयार होती. पद्मजाताई पहिल्या बसने आल्या होत्या. रामफल आला आणि त्याच्यामागून गेटात गाडी शिरली. पांढरी व्हॅन. ठाण्याची जीप बिघडली म्हणून त्याने कुणाची तरी मागून आणली होती.

यशोधन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. ड्रायव्हरने सरकतं दार ओढलं तसा त्या संध्याकाळचाच आवाज झाला, आणि यशोधनने कठडा धरला. अरुणाच्या ओठावर आलं होतं, "नहीं जाएगा." तिने ते गिळलं. आयुष्यात तिने पुष्कळ पोरांची उत्तरं ओठांवर आलेली गिळली होती, त्यांना स्वतःला सुचावीत म्हणून. पण ती बेरीज-वजाबाकीची होती.

"मैं बस से आऊंगा," यशोधन म्हणाला.

रामफलने त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि एकदम कपाळाला हात लावला. "धत् तेरे की. मन्ने सोच्या ही कोनी." त्याने ड्रायव्हरला हातानेच परत पाठवलं. "चल भाई, मैं भी बस में चलूं. टिकट मेरी."

अरुणा पुढे झाली. "मीही येते. थांब, कुलूप..."

"नको, काकू."

"अरे, मी बाहेर थांबेन फाटकाशी."

"तुम्ही आलात तर मी तुमच्याकडे बघेन," तो म्हणाला. "आणि तुमचं तोंड 'नको' म्हणत असेल."

तो रामफलबरोबर गेला. रामफल त्याच्यापासून हातभर लांब, मागून नाही तर बाजूने चालत होता. अरुणाला ते बरं वाटलं. मोकळ्या प्लॉटांमधल्या त्या लांबलचक रस्त्यावर दोघे बारीक होत गेले. तिच्या हातात पर्स तशीच राहिली, आत सरबताची बाटली डचमळत.

त्यानंतरचा वेळ अरुणाने कसा काढला ते पद्मजाताईंना पुढे कितीतरी वर्षं नक्कल करून दाखवता येत होतं. तिने स्वयंपाकघरातले डबे काढून पुसले आणि चुकीच्या क्रमाने लावले. कणीक भिजवली, मग जेवायला कोण आहे म्हणून झाकून ठेवली. फोनचा रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना बघितलं. बाल्कनीत गेली, आत आली.

"बस गं जरा."

"बसलेच आहे."

"उभी आहेस."

"बसणारच होते."

पद्मजाताई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, काहीही न करता. ना विणकाम, ना जप. अरुणाला त्यांचा भयंकर राग आला. "तुम्हाला काहीच कसं होत नाही हो?"

"होतं की. बसल्याजागी होतं."

"त्याला चक्कर आली तर? त्याने ओळखलंच नाही तर? दुसऱ्याच कुणावर हात ठेवला तर?"

"तर तसं होईल."

टँकर आला. अरुणा बादल्या घेऊन खाली धावली, रांगेत उभी राहिली, दोन बायकांशी उगाच भांडली, आणि पाणी भरून झाल्यावर बादल्या तिथेच ठेवून फाटकापर्यंत जाऊन आली. दुपार कलली. बसच्या वेळा टळल्या. आता तर पद्मजाताईसुद्धा अधूनमधून मान वळवून रस्त्याकडे पाहू लागल्या होत्या, आणि ते पाहून अरुणा परत बाल्कनीत गेली.

तो आला तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. एकटा आला. रामफल ठाण्यावर उतरला होता. चपला काढल्या, बेसिनपाशी गेला, एका हाताने तोंड धुतलं. अरुणा टॉवेल घेऊन मागे उभी. पद्मजाताई तिच्याकडे डोळे वटारून बघत होत्या, तरी तिच्या तोंडून निघालंच.

"लावलास?"

"लावला."

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ टॉवेलने उजवा तळहात पुसत राहिला.

"मला वाटलं होतं केवढा असेल," तो म्हणाला. "बारका आहे हो, काकू. माझ्यापेक्षा बारका. ढगळ स्वेटर घातला होता. मी पुढे गेलो आणि मनातल्या मनात म्हटलं, हात लावतो हं. तुम्ही म्हणता तसं. आणि ठेवला. त्याचाच खांदा थरथरला."

अरुणाने पदराचं टोक मुठीत धरलं. "मग इतका उशीर?"

"बाहेर आणखी एक जण होता. त्याच व्हॅनवाल्यांनी लुटलेला, ओळख पटवायला बोलावलेला. टायपिस्ट आहे कुठेतरी, वयाने मोठा. त्याच्या दोन्ही हातांची बोटं... बाकावर बसून होता. हाक मारली तरी उठेना. मग मी बसलो त्याच्याजवळ."

"काय बोललास?"

"काही नाही. विचारलं नाही काही."

पद्मजाताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मग गेला तो आत?" अरुणा म्हणाली.

"नाही. घरी गेला. बायको वाट बघत असेल म्हणाला. मी त्याला बसमध्ये बसवून दिलं." त्याने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. "काकू, भूक लागलीय. आणि रविवारी मी खोलीवर जाईन म्हणतो. सोमवारपासून ऑफिस बघतो जमतंय का."

अरुणाच्या मनात एकदम दहा गोष्टी उठल्या. प्लास्टर निघालेलं नाही. तीन मजले आहेत. कढण कोण करून देणार. तिने त्यातली एकही बोलून दाखवली नाही. कणीक मळलेली होतीच. तिने पोळ्या लाटल्या, मेथीची भाजी वाढली, आणि त्याने पहिला घास घेतला तेवढ्यात फोन वाजला.

संध्याकाळची ती वेळ पुण्याच्या फोनची असायची. अरुणा सवयीने उठली. हात रिसीव्हरवर गेलासुद्धा, आणि 'झोपलाय हो' हे शब्द जिभेवर तयार होते. घंटा तळहाताखाली थरथरत होती. तिने यशोधनकडे पाहिलं. त्याने घास खाली ठेवला होता.

तिने हात काढून घेतला.

यशोधन उठला, उजवा हात पँटला पुसला आणि रिसीव्हर उचलला. "आई," तो म्हणाला. "बाबा जवळ आहेत का? नसतील तर बरं. आधी तू ऐक. तू बस आधी. आई, मी घसरलो नव्हतो."

अरुणाला आत जावंसं वाटलं, बाल्कनीत जावंसं वाटलं, खाली राहिलेल्या बादल्या आणाव्याशा वाटल्या. पद्मजाताईंनी शेजारची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. ती बसली. हातांचं काय करावं ते न सुचून तिने ते मांडीखाली घातले, वर्गातल्या द्वाड मुलासारखे, आणि तो बोलत होता तोवर बसून राहिली.